पहिल्या पगाराचं मीठ

प्रिय आत्याबाई,

सासूला पत्र लिहिणारी सून तुम्ही कधी पाहिली नसेल. पण आज नंदाचा पहिला पगार झाला. तुम्ही गेल्यापासून आपल्या खानावळीतला हा पहिलाच. मग तुम्हाला सांगायला नको?

नंदाला तुम्ही ओळखत नाही. लातूरकडची पोरगी, चाकणच्या कंपनीत ट्रेनी आहे. आपल्या मागच्या खोलीत राहते.

पहिला पगार झाला की मिठाचा पुडा आणायचा आणि त्याच मिठाची आमटी सगळ्यांनी खायची, ही रीत तुमचीच. कुणा इंजिनियरनं तुम्हाला सांगितलं, ‘सॅलरी’ हा शब्द लॅटिन ‘सलारियम’वरून आला, आणि तो मिठावरून. रोमच्या शिपायांना म्हणे पगारात मीठ मिळायचं. तुम्ही त्यात राजा घातलात, त्याच्या हातात माप दिलंत! कुणी हसलं की म्हणायचात, “व्हय, राजाच मीठ वाटायचा! तू हुतास का तिथं?”

आणि डॉक्टरांनी तुमचं मीठ बंद केलं, तेव्हा घरात पुड्यांची थप्पी! तरी आमटीची वाटी गुपचूप पुढं ओढायचात. मला दिसत नव्हतं असं वाटलं का? ऐकलं असतंत तर अजून चार वर्षं भांडलो असतो आपण.

तुम्ही गेलात आणि जेवणारे निम्म्यावर आले. तुमचे चिरंजीव म्हणाले, “हा महिना बघू, नाहीतर जागा मोबाईलच्या दुकानाला देऊन टाकू.” लोक तुमच्यासाठी येत होते, माझ्या आमटीसाठी नाही, असं मलाही वाटायला लागलं होतं.

त्यात गेल्या आठवड्यात मी पंगतीत तुमची गोष्ट सांगितली, तर नंदानं मोबाईल काढला. “काकू, शब्द मिठावरूनच आलाय, ते खरं हाय. पण शिपायांला मीठच द्यायचे, ह्याचा पुरावा न्हाई म्हणं. मिठासाठी पैशे देत असतील, असा नुसता अंदाज हाय.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तिचा राग आला, खरं सांगते. आता कोण कशाला पुडा आणेल?

आज संध्याकाळी ती थेट स्वयंपाकघरात आली. ओट्यावर पुडा ठेवला. “शिपायांचं मला म्हाईत न्हाई, काकू. माझा पगार झालाय. करा आमटी.”

माझे डोळे असे भरले की मीठ एकदा घातलं की दोनदा, काही कळलं नाही. आमटी खारट झाली हो! नंदानं एक घास घेतला आणि शेजारी बसलेल्या आपल्या जुन्या शिंदेभाऊंना विचारलं, “आत्याबाईंची अशीच ऱ्हायची का?”

“न्हाई ओ!” शिंदेभाऊ पाणी पीत म्हणाले. अख्खी पंगत हसली, मीही हसले. मग हात धुता धुता तेच म्हणाले, “वहिनी, उद्या काय करताय?”

उद्या! म्हणजे खारट खाऊनही ते उद्या येणार होते. चिरंजीव दारात उभे राहून ऐकत होते. ते बाहेर गेले आणि मोबाईलवाल्याला फोन करून नाही म्हणून आले.

आत्याबाई, खानावळ चालू राहील. गोष्टही सांगेन, पण जेवढी ठाऊक आहे तेवढीच. आणि वचन देते, यापुढे वाढायच्या आधी चव घेऊन बघेन.

तुमची भांडखोर सून,
सुरेखा