चौकोनाच्या तीन रेघा

प्रिय चिमणे,

अक्षर बघून दचकू नकोस. बोलतेय मी, लिहितेय तुझी आई. तिला बजावलंय, हात तुझा, तोंड माझं. मध्ये काही घालायचं नाही, गाळायचं तर मुळीच नाही. गाल फुगवून का होईना, लिहितेय.

तुझ्या त्या चिनी अक्षरांनी माझा जीव खाल्लाय. आजी, तू कुठलीच अक्षरं शिकली नाहीस, तर माझ्या या अक्षरांपासूनच सुरुवात कर, असं लाडीगोडीने म्हणालीस आणि चौकटींची वही पाठवून दिलीस. जन्मभर अंगठा उठवला, कुणाचं काही अडलं नाही. आता फोनमधला तुझा तो मास्तर मला उठता-बसता नापास करतो. काल शेताचं अक्षर काढायला घेतलं. दिसतं चार काचांच्या खिडकीसारखं, पण म्हणे शेत. बरं, शेत तर शेत. चौकोनाला बाजू चार, एवढं मलाही मोजता येतं. तर रेघा म्हणे तीन! वरची आणि उजवीकडची एका दमात, हात न उचलता. त्यातही कुंपण पुरं घालून मी आत शिरले की मास्तर अक्षर लाल करतो. खालची बाजू उघडी ठेवायची, आतलं सगळं उरकायचं, मग बंद करायचं. अगं, झालेलं अक्षर समोर ठेवलं तर आधी काय काढलं हे कोणाच्या बापाला कळणार आहे? एकोणीस वेळा लाल. विसाव्या वेळी फोन पिठाच्या डब्यात कोंबला.

तुझ्या आईने तो काढला, पुसला आणि वर मलाच सुनावलं, की तीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात होतात, बाह्या जोडून झाल्यावर खिसा लावत होतात का? मग मी पुन्हा बसले, तर ही पाठीशी उभी राहून पुटपुटतेय, आतली आधी आडवी, मग उभी, आता खालची. अक्षर हिरवं झालं! पण मला शंका आली. बँकेतली नोकरी सोडून पोरगी या चिनी रेघोट्या ओढायला गेली म्हणून जिने आठ महिने तुझं नाव काढलं नाही, तिला हे कुठून ठाऊक? वही उलटी करून पाहिली. मागून अकरा पानं भरलेली, माझ्यापेक्षा कितीतरी सुबक.

बघ, पेन थांबलं. लिही म्हटलं, मुकाट्याने लिही.

आता वीट आलाय तो तुम्हा दोघींचा. तू दर रविवारी फोन करतेस, पण आईला दे म्हणत नाहीस. ती दाराशी घुटमळते, पण पुढे येत नाही. आधी कुणी बोलायचं, यावर दोघी अडून बसल्या आहात, आणि मधल्यामध्ये माझे कान किटलेत.

हे सगळं मी फोनवरही सांगितलं असतं. पत्र लिहायला काढलं ते तिला कागदासमोर बसवायला. आता मी आत जाऊन पडते. उरलेलं अर्धं पान तिचं. काय लिहील ते मला वाचता यायचं नाही, तेव्हा तिला लाजायचं काही कारण नाही.

तुझीच, पाठ मोडलेली पण हट्ट न मोडलेली,
आजी

बाळा, रविवारी फोन मी उचलते.
आई