करप्याचं पान

मंगळवार, संध्याकाळ

पानाचा तो तुकडा अजून माझ्या पर्समध्येच आहे.

आज मी शिकवते त्या कृषी महाविद्यालयात तोंडी परीक्षा होती, मी परीक्षकांशेजारी बसले होते. परराज्यातून आलेल्या परीक्षकांनी शिरपूरकडच्या एका मुलीला केळीचं रोगट पान दाखवून इंग्रजीत प्रश्न विचारला. ती अडखळली, मग आपल्या बोलीत म्हणाली, "हाऊ करपा शे. खालना पानले पयले धरस."

अगदी बरोबर! करपा खालच्या पानांनाच आधी धरतो. परीक्षक सरांनी मला विचारलं, ही काय म्हणाली? ते इंग्रजीत सांगताना माझीच फजिती झाली असती. मी म्हणाले, "नथिंग, सर."

भित्री कुठली!

तिला शून्य मिळालं. बाहेर तीच मला म्हणाली, "सॉरी मॅडम, आमची बोली तुम्हाला कळत नसेल."

पान कोमेजलंय. आई स्वयंपाकघरातून त्याच बोलीत विचारतेय, "तुले चहा ठेऊ का?"

पर्सची चेन लावून मी तिच्याकडे स्वयंपाकघरात जातेय.