पान तीन, ओळ दुसरी

३ जानेवारी १९५४, सकाळी ६
आजपासून पहाटे उठणे. (उठलो साडेसातला. वर वेळ संकल्पाची घातली आहे.) प्रमेय हाताशी आलं आहे: कोणत्याही कॉम्पॅक्ट ग्रुपवर (ग्रुप म्हणजे ज्यात गुणाकार करता येतो असा संच) कॅरेक्टर नावाची फंक्शन्स असतात. ती एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, प्रत्येकाची लांबी एक. म्हणजे ऑर्थोनॉर्मल संच. बाकीची सगळी फंक्शन्स त्यांच्यातूनच बनवता येतात, हे मी सिद्ध करणार. कॉलेजात हे समजणारा मी एकटाच. तेही बहुतेक.

१० जानेवारी
बायकोची कटकट. विमला म्हणते, आधी अंघोळ, मग चहा, बंब विझतो. मी म्हटलं, क्रमानं काय बिघडतं? माणूस तोच, चहा तोच. आणि लिहिता लिहिता सिद्धताही अशीच सुटली! क गुणिले ख काय, ख गुणिले क काय, एकच. विमलाला अमूर्त विचार जमत नाही.

२४ जानेवारी
पेपर एअरमेलनं अमेरिकेच्या जर्नलला रवाना. एकदा तपासावा असं वाटलं होतं. पण तो स्वतःवरच अविश्वास झाला असता.

३१ जानेवारी
तालमीचे हंबीरराव भेटले. छापून आलं व्हय, म्हणाले. म्हटलं, आल्यातच जमा. मग सत्कार झालाच पायजे की मास्तर, म्हणाले. दोनदा नको म्हटलं, हळू आवाजात. विमलाचं म्हणणं, आधी उत्तर येऊ दे. पुन्हा तेच, क्रम!

२१ फेब्रुवारी
सत्कार. फेटा, नारळ, हलगी. मी पन्नास मिनिटं बोललो, पैलवान हलले नाहीत. (दोन घोरत होते.) मास्तरानं अमेरिका चितपट केली, असं हंबीरराव म्हणाले. खोडून काढणं उद्धटपणाचं दिसलं असतं.

४ मार्च
पत्र आलं. पान तीन, ओळ दुसरी: लेखकाने गुणाकाराचा क्रम बदलला तरी चालतो असं गृहीत धरलं आहे. सगळ्या कॉम्पॅक्ट ग्रुपमध्ये तसं चालत नाही. जिथे चालतं तिथे प्रमेय खरं आहे, पण फार जुनं.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी फेटा परत करायला तालमीत गेलो. हंबीरराव म्हणाले, हरला तर हरला की! पैलवान काय हरत न्हाय व्हय? फेटा ठेवा, परत घ्यायची रीत न्हाय. मला रडू आलं. आखाड्याची माती डोळ्यात गेली म्हणालो.

५ मार्च, सकाळी ६ (खरोखर सहा)
झोप लागलीच नव्हती. आधी अंघोळ केली, मग चहा. विमलाला कबूल केलं, क्रमानं फरक पडतो.
ती म्हणाली, हे कळायला अमेरिकेहून पत्र यावं लागलं?