तो उचलत नाही

५ जानेवारी

कुठेतरी पाणी मुरतंय.

बायकोने मला जिममध्ये घातलं. विचारलं नाही, सांगितलं नाही. परस्पर नाव नोंदवून आली आणि चहाबरोबर पावती समोर ठेवली. सोबत बूट. घालून पाहिले तर अगदी मापाचे! इतक्या वर्षांत हिने माझ्यासाठी आणलेली एक वस्तू कधी मापाची निघाली नाही. म्हणजे या खेपेस मुद्दाम माप घेतलं.

"मला काय झालंय?" म्हटलं.

"खाली पडलेलं पेन उचलायला टेबलाचा आधार लागतो तुम्हाला."

"मग पेन पाडत नाही."

"थट्टा नकोय. स्वतःसाठी नका जाऊ. माझ्यासाठी जा."

माझ्यासाठी! पोट सुटलं तेव्हा बोलली नाही. केस गेले तेव्हा बोलली नाही. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आणि शेवटी "आता चुका संगणक काढतो" म्हणून मला घरी बसवलं, तेव्हाही "डोळ्यांना विश्रांती मिळेल" एवढंच म्हणाली. आणि आता एकदम माझ्या कंबरेचा उमाळा?

नोकरी गेलेला नवरा, पन्नाशी उलटलेली, आणि बायको अचानक प्रेमळ. असल्या कादंबऱ्या मी पोत्याने तपासल्यात. पुढे काय होतं ते मला पाठ आहे.

८ जानेवारी

गेलो. दारावरच पाटी — "व्यायमशाळा". आतला नियमांचा फलक तर वाचवत नाही. लाल पेन खिशातून निम्मं बाहेर आलं होतं, आवरलं.

शिकवणारा माझ्याहून मोठा. शाळेत खेळाचा मास्तर होता म्हणे, गळ्यात अजून शिट्टी. दोन मिनिटांत कुणावर तरी वाजवतो. मी त्याचं नाव शिट्टीमास्तर ठेवलंय.

"तुमचा गोल काय?" त्याने विचारलं.

"दिसत नाही? पोट," मी म्हटलं.

हसला नाही. काट्यावर उभं केलं. काटा खोटा आहे. माझं वजन तेवढं असूच शकत नाही.

मग म्हणतो, "तुमचं सगळं वहिनींनी सांगून ठेवलंय. आधी कंबर नीट करायची. मग मांड्या, पाठ. मग पोतं."

"कसलं पोतं?"

"वाळूचं. जमिनीवरून दोन्ही हातांवर उचलायचं, छातीशी धरायचं, जिना चढायचा. बाकी काही शिकवू नका म्हणाल्या."

बाकी लोक आरशासमोर दंड फुगवताहेत आणि मी पोती वाहायची! घरी येऊन हिला विचारलं, "मला हमालीला लावायचा बेत आहे का?"

"मास्तर सांगतील तसं करा," म्हणाली आणि ओट्याकडे वळली. माझ्याकडे न बघता बोलली. नोंद करून ठेवतोय.

९ जानेवारी

सगळं अंग ठणकतंय. हसलो तरी दुखतं. हसण्यासारखं काही नाही म्हणून बरं.

१७ जानेवारी

कंबर धरली. आठवडाभरात मास्तरने रिकाम्या हाताने वाकायला-उठायला शिकवलं होतं, पण मला घाई. कुणी बघत नाही असं पाहून कोपऱ्यातल्या पोत्याला हात घातला. कट्ट! मास्तरची शिट्टी ऐकू आली तेव्हा मी आडवाच होतो. रिक्षात घालून आणलं. जिना कसा चढलो माझं मला ठाऊक. तिसरा मजला, लिफ्ट नाही.

वाटलं होतं ही म्हणेल, राहू दे ते जिम. कसलं काय! माझी कंबर गेली ऐकून खुर्चीत बसली आणि रडायला लागली. मी तिच्याकडे बघतच राहिलो. कंबर माझी!

"किती दिवस जातील यात?" तिने विचारलं. 'फार दुखतंय का' हे नंतर विचारलं. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

२० जानेवारी

आज ऐकलं. ऐकायला गेलो नव्हतो. बिछान्यात पडलेल्या माणसाला कान मिटता येत नाहीत.

ही स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. पलीकडे ताई, हिची मोठी बहीण. आवाज दबका. मला ऐकू आलं ते असं —

"कालपासून तो उचलतच नाही गं."

मग बराच वेळ ताई बोलली असावी.

"छे! ह्यांना अजून काही कळलेलं नाही. कळू द्यायचंही नाही इतक्यात."

मी छताकडे बघत पडून राहिलो. 'हे' म्हणजे मी. ताईशी बोलताना ही माझा उल्लेख कायम 'हे' असाच करते. मग 'तो' कोण? तो — पुल्लिंगी, एकवचनी, तृतीय पुरुष. तीस वर्षं हेच तपासलं. इथे माझी चूक होणं नाही.

फोन उचलत नाही, आणि ही ताईपाशी रडगाणं गाते. या वयात!

२१ जानेवारी

जेवलो नाही. "कंबर दुखतेय" म्हणालो. दुखत दुसरंच होतं.

२९ जानेवारी

पुन्हा जिमला जायला लागलो. मास्तर आता माझ्यावर नजर ठेवून असतो. आधी श्वास, मग गुडघे, मग कंबर, असा त्याचा क्रम. "पाठीने नाही, पायाने उचला! जोर पायात असतो!" हे वाक्य तो शिट्टीसारखंच वाजवतो.

मी मुकाट्याने करतो. घरात बसून तिच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा हे बरं.

तिचा फोनही बघितला. ती आंघोळीला गेली होती. लाज वाटली, तरी बघितला. यादीत ताई, मुलगी, गॅसवाला, पुन्हा ताई. न उचललेला एकही फोन नाही. इतकी स्वच्छ यादी कुणाची असते? पुसत असणार. अजिबात चुका नसलेलं पान समोर आलं की मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचायचो.

५ फेब्रुवारी

गेल्या काही दिवसांत पाहिलेलं:

चपला सोडून दिल्या. आता पट्ट्याचे, मागून बंद बूट घालते. "चपला सटकतात" म्हणे. आयुष्यभर नाही सटकल्या.

संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला येत नाही. आली तर पहिल्या बाकावर बसते. "तुम्ही या चक्कर मारून."

जिन्यातही तेच. "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच." मी वर येऊन कुलूप काढतो, दिवा लावतो, पाणी पितो, तरी ही खालीच. एवढा वेळ काय करते? एकदा वरून कठड्यावरून डोकावलो. कठडा धरून नुसती उभी होती. फोन दिसला नाही. मी दिसल्याबरोबर हसली आणि ओरडली, "काय बघताय? वर जा की!"

हसण्यात काहीतरी लपवलेलं होतं. मी ओळखतो.

११ फेब्रुवारी

पुन्हा ताई. या वेळी मी दाराआड मुद्दाम उभा राहिलो. खोटं कशाला लिहू?

"सकाळी बरा असतो गं. संध्याकाळ झाली की परक्यासारखा वागतो."

"भरवसा कसला? ऐन वेळी दगा देतो."

"नाही, आता त्याच्यावर भार टाकून राहण्यात अर्थ नाही. मला दुसरी सोय बघायलाच हवी."

एक तो, जो दगा देतो. त्याच्यावर भार टाकता येत नाही म्हणून दुसरी सोय. आणि मी? मी या हिशोबात कुठेच नाही! मी पोती उचलतोय!

बोलायला तोंड उघडलं होतं. पण ती बाहेर आली आणि मला दारात बघून म्हणाली, "बरं झालं, इथेच आहात. बरणी काढून द्या वरची." काढून दिली. चवड्यांवर उभं राहून, न डगमगता. तिने माझ्या दंडाला हात लावून बघितला आणि म्हणाली, "छान."

रागाने फुटायला हवं होतं. उलट बरं वाटलं. स्वतःचीच चीड आली.

१९ फेब्रुवारी

आज हिच्या मागे गेलो.

"ताईकडे जाऊन येते," म्हणाली. दर गुरुवारचं झालंय हे. मी रस्त्याच्या पलीकडून, टोपी घालून. मुलीने पाहिलं असतं तर पोट धरून हसली असती. ताईचं घर डावीकडे, ही उजवीकडे वळली. रमतगमत चालत होती. मध्येच थांबायची, दुकानाच्या काचेत बघायची, पुन्हा चालायची. मागे कुणी आहे का, ते बघत असावी.

एका जुन्या इमारतीत शिरली. दारात पाट्यांची रांग — वकील, दंतवैद्य, नृत्यवर्ग, आणखी दोन वकील, कसलंसं उपचार केंद्र. माझी नजर वकिलांवर खिळली. वर जायचा धीर झाला नाही. समोरच्या दुकानात उगाच कुलपं बघत बसलो. दुकानदाराने शेवटी विचारलं, "नक्की कशाला लावायचंय कुलूप?"

मग ती बाहेर आली. सोबत एक हडकुळा माणूस, पांढरा शर्ट, चाळिशीचा असेल. त्याने हिचा कोपर धरला होता! शेवटच्या पायरीपर्यंत धरला, मग सोडला. ही त्याला हसून काहीतरी म्हणाली. माझ्याशी बोलताना ही असं शेवटचं कधी हसली?

फोन उचलत नाही, पण हात बरा धरता येतो!

२० फेब्रुवारी

"ताई कशी आहे?" मी विचारलं.

"मजेत."

बस्स. ताकास तूर लागू दिली नाही.

३ मार्च

मास्तर खूष आहे. मी वेड्यासारखा मेहनत करतोय. डोळ्यांसमोर तो हडकुळा असतो. पोतं हातांवर घेतलं की वाटतं, तोच आहे, जिन्यावरून खाली टाकावा.

पट्ट्याला आतल्या बाजूने नवीन भोक पाडावं लागलं. सकाळी मोजा घालताना भिंत धरावी लागत नाही. पेन पडलं तर मुकाट्याने वाकून उचलतो. एरवी याचा किती आनंद झाला असता! पण कुणासाठी हे सगळं? ही गेल्यावर एकट्याला सामान उचलता यावं म्हणून?

खरं सांगायचं तर ती गेली तर मला काय करायचं ते कळत नाही. चहासुद्धा नीट येत नाही मला.

१४ मार्च

आज शेवटचं पोतं. मास्तरने स्वतः वाळू भरली. काट्यावर ठेवून चिमूटभर काढायचा, चिमूटभर घालायचा. सोनाराचं काम चाललं होतं जसं.

"पूर्ण आकड्यावर का आणत नाही?" मी विचारलं.

"वहिनींचा हुकूम. जानेवारीत नाव नोंदवायला आल्या, तेव्हा स्वतः या काट्यावर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, शेवटचं पोतं बरोब्बर एवढंच भरायचं. हे घेऊन तीन मजले न थांबता चढले, की मला कळवा." एवढं बोलून त्याने जीभ चावली. "तुम्हाला सांगायचं नव्हतं वाटतं."

तिच्या वजनाचं पोतं? मला? कशाला?

उचललं. पायाने, पाठीने नाही. छातीशी धरलं आणि चढलो. तिसऱ्या मजल्यावर ठेवलं तेव्हा धाप लागली होती, पण कंबर गप्प होती. मास्तरने शिट्टी वाजवली नाही. नुसता पाठीवर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तो खेळाचा मास्तर! याला काहीतरी माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, मला सोडून.

बास झालं. उद्या समोर बसवून विचारणार. कोण आहे तो?

१५ मार्च

विचारलं. "कोण आहे तो?"

"कोण तो?"

"जो उचलत नाही!"

माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. दोन्ही हातांनी स्वतःचा उजवा गुडघा धरून वर उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"हा."

पाय. पुल्लिंगी, एकवचनी.

नसांचं दुखणं आहे. वाढत जाणारं. हडकुळा तिला व्यायाम शिकवतो. दुसरा पायही जाईल म्हणे, कधी ते सांगता येत नाही. "आधी सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी मला उचलायला धावला असता. दोघंही आडवे झालो असतो."

संध्याकाळी फिरून आलो. खालच्या पायरीशी ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे." नाही झालो. उचलली. "जपून, कंबर," म्हणाली आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून राहिली. तिन्ही मजले न थांबता चढलो.

पोत्याहून हलकी लागली. बरीच हलकी.

जिममधला काटा खोटा आहे. पहिल्या दिवसापासून म्हणतोय मी, तो काटा खोटा आहे.