हा राग माझाच आहे

प्रिय डेस्मंड,

सफरचंदांची तोडणी संपली. मी रोज सात तास झोपते. परवाच्या तपासणीत गोळ्यांमधलं लिथियम रक्तात हवं तेवढंच निघालं. हे आधीच सांगते, कारण मी चिडले की "हिला पुन्हा चढलं वाटतं" असं म्हणायची तुझी सवय.

ते चढणं तुला आवडायचं. तीन दिवस न झोपता मी पॅकिंगची शेड पिवळी रंगवली, अख्ख्या ह्युऑनविल गावाला जेवायला बोलावलं, आणि तू मित्रांना सांगत होतास, "माझी बायको म्हणजे वीज आहे रे." मग उतरलं. सहा आठवडे मी केस विंचरले नाहीत, तेव्हा तू शेवंडं पकडायच्या बोटीवर निघून गेलास. डॉक्टर नायस्मिथबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. गोळ्या दिल्या. म्हणाल्या, "बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. आणि रक्त तपासत राहायचं." गोळ्यांनी हात थरथरायचे, पण मी आपल्या ब्रॉनविनच्या वेण्या पुन्हा घालू लागले. तू सुट्टीवर आलास आणि तोंड वाकडं केलंस, "पाणचट झालीस तू."

तू परत बोटीवर गेलास आणि मी गोळ्या सोडल्या. पाचव्या आठवड्यात नऊ वर्षांच्या पोरीला शेजारी बसवून गाडी नदीत घातली. पाणी आम्हाला वाट देईल, अशी माझी खात्री होती. पोर वाचली. कोर्टात तू मान खाली घालून म्हणालास, "मी हातापाया पडलो, पण ती औषध घेईचना." मला तेव्हा स्वतःचं नावही धड सांगता येत नव्हतं. कोर्टानं ब्रॉनविन तुझ्याकडे दिली. पुढे नऊ वर्षं ती मला महिन्यातून एक दुपार भेटली, तीही तिऱ्हाइतासमोर.

ती अठराची झाली. रविवारी एकटीच आली आणि पहिल्यांदा विचारलं, "आई, गोळ्या का सोडल्यास गं?" लहानपणी तिला दाखवायचं नव्हतं, आता दाखवलं. बोटीवरून आलेलं तुझं पत्र. "त्या गोळ्या संडासात टाक. मला माझी जुनी बायको हवी." तिनं दोनदा वाचलं. अक्षर ओळखते ती.

शनिवारी ती सामान घेऊन माझ्याकडे राहायला येतेय. तोवर त्या पत्राबद्दल तुझ्याशी काही बोलायचं नाही, असं मीच तिला सांगितलंय. हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. म्हणजे चार दिवस तू रोज तिच्यासमोर जेवायला बसशील, ती "मीठ दे, बाबा" म्हणेल, आणि तिला काय ठाऊक आहे हे तुला ठाऊक असेल. तेवढ्यासाठीच लिहिलं.

एके काळची तुझीच,
मेरिडिथ