जिनेशदादांच्या गाडीचा जोड

मंचर, बुधवार

तीर्थस्वरूप जिनेशदादांना धाकट्या चेतनाचा जय जिनेंद्र.

तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचे आयंबिलाचे उपास नीट पार पडले ना? इकडे आम्ही सर्व सुखसातेत. तुम्ही दिलेली गाडीही तशी सुखसातेतच म्हणायची. (फोनवर तुम्ही मधेच ओरडता, म्हणून कागदावर लिहिते आहे. आमची रिद्धी फोटो काढून पाठवेल. पूर्ण वाचा, मग ओरडा.)

झालं असं, की रविवारी तुमच्या नव्या व्याह्यांना आणायला हीच गाडी लागणार, तर ती लखलखीत करून परत द्यावी असं यांच्या मनात आलं. बॉनेटच्या आत पुसताना यांनी कोपर टेकलं आणि इंजिनाशेजारची पाण्याची प्लास्टिकची टाकी तडकली. मी म्हटलं, गॅरेजवाल्या सुदर्शनला दाखवू. तर म्हणाले, "जन्मभर बादल्या विकतोय, मला प्लास्टिक कोण शिकवणार?" (खोटं कशाला बोलू, नवी टाकी वाचली म्हणून मलाही बरंच वाटलं.) मग काय, दुकानातली फुटकी बादली, माझा गॅस आणि तापवलेला स्क्रू ड्रायव्हर! वितळलेलं प्लास्टिक भेगेवर लिंपताना असा वास सुटला, की शेजारच्या कुशाबाई धावत आल्या, "काय वो वैनी, कुकर जाळला का काय?" मी नवकार म्हणत खिडक्या उघडत होते.

पाणी भरायचं काम माझ्याकडे आलं. आता दादा, आपल्यात न गाळलेलं पाणी चालतं का? तापल्या इंजिनात सूक्ष्म जीव गेले तर पाप कोणाच्या माथी? मी टाकीच्या तोंडावर दुहेरी फडकं धरून पाणी ओतलं, तेवढ्यात दूधवाला आला, म्हणून घाईने झाकण फिरवलं.

काल सासूबाईंना महाराजांच्या दर्शनाला घेऊन निघालो. कळंबच्या अलीकडे बॉनेटमधून भसाभस वाफ! मागे ट्रक भोंगे वाजवताहेत, यांचा चेहरा पांढरा, आणि माझ्या डोळ्यांपुढे तुमचे व्याही रिक्षात दाटीवाटीने बसलेले. सासूबाई मात्र शांत. म्हणाल्या, "गाडीला पण उपास सोसला नाही गं."

गार झाल्यावर यांनी झाकण उघडलं, तर खाली माझं फडकं! त्यामुळे झाकण बसलंच नव्हतं, सगळं पाणी वाफ होऊन गेलं. यांचा जोड मात्र टिच्चून. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवत होते. पुन्हा पाणी भरून (गाळूनच, पण फडकं मोजून काढून) घरी आलो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
चेतना

ता. क. व्याही येऊन जाईपर्यंत वहिनींना काही बोलू नका. गाडी न्यायला येताना नवी टाकी तेवढी आणा, भाऊबीजेच्या ओवाळणीत वळती करून घ्या.

पुन्हा ता. क. येताना म्हणजे आजच. जोड टिकल्यापासून यांना इंजिनातली प्लास्टिकची प्रत्येक वस्तू कमजोर दिसू लागली आहे. बॉनेट उघडं आहे, दुसरी बादली फोडून झाली आहे आणि स्क्रू ड्रायव्हर गॅसवर तापतो आहे. दादा, संगमनेरहून मिळेल ती एसटी पकडा.