पासष्टच्या लायकीचं नाणं

२ मार्च
सासरेबुवांच्या चांदीच्या नाण्याला ग्रेडिंगवाल्यांनी सत्तरपैकी बासष्ट गुण दिलेत. नाणं कडक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद, वर आकडा छापलेला, म्हणजे अपमानसुद्धा कायमचा. मी पासष्टच्या खाली एक गुण घेणार नाही. गुण देणारे कोण, तर एसीत बसून जांभया देणारी पोरं. निर्णय: डबी फोडायची, नाणं पुन्हा पाठवायचं.

३ मार्च, संध्याकाळ
नाणेसंग्राहकांच्या क्लबात जाहीर केलं. सेक्रेटरी म्हणाला, डबी फुटली की बासष्टही गेले, पुन्हा मिळतीलच असं नाही. वर न मागता धडे: डबी टॉवेलमध्ये गुंडाळा, कटिंग प्लायरने फक्त कोपरे तोडा, हळूच पिळा, नाणं कडेने धरा, खाली गादी ठेवा. नाणं काढायचंय की बाळंतपण करायचंय, असं विचारणार होतो. चहा त्याच्याकडून होता, म्हणून गप्प बसलो.

४ मार्च
नाणं कागदोपत्री बायकोचं. तिच्या बाबांनी शेवटच्या आजारपणात तिच्या हातात दिलेलं. आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, न्या, पण त्यावरची निळी झाक जपा हो, बाबा तीच बघत बसायचे. झाक कसली, काळवंडलेली चांदी. पण सांगणार कोणाला?

५ मार्च
टॉवेल सगळे धुवायला. प्लायर शेजाऱ्याकडे, आणि त्याचं तोंड कोण बघणार. हातोडी घरात आहे.

५ मार्च, दुपार
डबी फुटली. पहिले दोन घाव ओट्याला लागले, त्याला इलाज नाही. नाणं उडालं, फरशीवर आपटलं आणि घरंगळत फ्रिजखाली गेलं. गोल वस्तूचा स्वभावच तो. झाडूने ओढून काढलं. नाण्यावरच्या राजाच्या गालावर चरा दिसतोय. आधीचाच असणार, डबीमुळे दिसत नव्हता.

६ मार्च
टूथपेस्ट लावून घासलं. किंचितच, पण दोन्ही बाजूंनी. लखलखलं! आता सदुसष्ट कुठे जात नाहीत. झाकेचं बायकोला सदुसष्ट आल्यावर सांगू, तेव्हा तिला ऐकायला सोपं जाईल.
क्लबात दाखवलं. सेक्रेटरीने एकदा बघितलं, भिंग खिशात घातलं आणि पाणी मागितलं. मत्सराने माणसाचा घसा कोरडा पडतो.

७ मार्च
रवाना.

२ एप्रिल
नाणं परत. डबी नाही, साधी पिशवी. सोबत चिठ्ठी: घासलेलं, ओरखडा पडलेला, गुण देता येत नाहीत. सदुसष्ट द्यायची छाती नसली की लोक असं लिहितात.

२ एप्रिल, जेवणानंतर
पिशवी टेबलावर राहिली. बायकोने नाणं बाहेर काढलं, उलटंपालटं करून बघितलं. विचारलं, हे कुणाचं?
क्लबातल्या एकाचं, म्हणालो.
म्हणाली, फारच चकचकीत आहे, बिचाऱ्याच्या गळ्यात कुणीतरी नकली मारलंय. आणि आपल्या बाबांचं कधी येणार?
त्या लोकांचा काही नेम नाही, म्हणालो.